पैनगंगेचा पलीकडचा काठ

मंडळी, आज जरा रागातच लिहायला बसले आहे. आमच्या घरातली माणसं हे वाचणार, आणि एकदोघं तरी माझ्याशी अबोला धरणार. धरू देत.

झालं असं. १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. परभणीत राजगोपालाचारी उद्यानात झेंडावंदन झालं, मग आमच्याकडे सगळे जेवायला. टीव्हीवर सीमेवरून घुसलेल्या लोकांवर चर्चा चालू होती. काका म्हणाले, "एकेकाला पकडून पलीकडे ढकललं पाहिजे. ही काय धर्मशाळा आहे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. भिंतीवर आजीचा फोटो होता, हार घातलेला. माझा घास घशातच अडकला.

कारण आजीही तशीच सीमा ओलांडून आली होती.

नवीन पिढीसाठी थोडं सांगते. निजामाने १२ जून १९४७ च्या फर्मानात जाहीर केलं होतं की इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र राहणार. त्यामुळे १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, आपली परभणी नाही. कळमनुरी तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं (हिंगोली जिल्हा १९९९ सालचा). त्या तालुक्याच्या कडेने पैनगंगा वाहते. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड, म्हणजे भारत. मधे करोडगिरीचे नाके. रझाकारांचा धुमाकूळ वाढला तशी गावंच्या गावं नदी उतरून उमरखेडकडे गेली. कुणी सोलापूरकडे, कुणी नगरकडे, जिथून हद्द जवळ तिथून.

आजी तेव्हा नऊ वर्षांची. वैशाखात नदीला गुडघाभर पाणी. डोक्यावर पितळेची घागर, कडेवर धाकटा भाऊ. मी लहानपणी विचारायची, "आजी, पलीकडे तुम्हाला कुणी अडवलं नाही?" ती म्हणायची, "कोनी इचारलं न्हाई बाई, तुमचा कागद कुठंय म्हनून. आधी भाकर दिली. मंग नाव इचारलं."

आधी भाकर, मग नाव. निर्वासितांच्या हक्कांविषयी मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे.

आता काकांचा मुद्दा. "ती आपली माणसं होती, आपल्याच देशात आली. हे परके." काका, पलीकडच्यांच्या मनात ती आपलीच होती, मान्य. पण कागदावर? कागदावर आजी निजामाची प्रजा होती. माणूस आपला की परका हे कागद ठरवत नाही, हे आपण तेव्हा मानलं आणि म्हणून वाचलो. दुसरा मुद्दा सुरक्षेचा. तर उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता आणि सशस्त्र लढा तिथून चालायचा. म्हणजे निर्वासितांबरोबर हत्यारं बाळगणारेही नदी उतरत होते. आजचा न्याय लावला असता तर त्या भीतीपोटी आजीलाही परत फिरवलं असतं. चौकशी करा, जरूर करा. पण एकेकाची करा. घोळक्याला परत ढकलणं म्हणजे चौकशी नव्हे.

आणि अर्धीच गोष्ट सांगून मी थांबणार नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, आणि मग मराठवाड्यातल्या कित्येक गावांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा संस्थानभरात किमान २७ ते ४० हजार दिला. भीतीने काही महिन्यांत घर बदललं. आश्रय धर्म बघून द्यायचा नसतो, हे आपल्या मातीइतकं कुणाला कळायला हवं?

आज ही गोष्ट मिझोरममध्ये चालू आहे. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि चिन लोक तियाव नदी ओलांडून चंफाई जिल्ह्यात येऊ लागले. त्याच मार्चमध्ये केंद्राने ईशान्येच्या राज्यांना ही आवक रोखायला सांगितलं. मिझोरमच्या लोकांनी ऐकलं नाही. मुख्यमंत्री झोरामथांगांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, गावांनी घरं आणि चर्च उघडली. तीस हजारांहून जास्त माणसं तिथे विसावली. का? पलीकडचे त्यांचे रक्ताचे नातेवाईक. पैनगंगेसारखंच.

पण अशी माया असणारं राज्य शेजारी असेलच असं नाही. म्हणून कायदा हवा, आणि तोच आपल्याकडे नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमांच्या खटल्यात सांगितलं की जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. पण २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांची परतपाठवणी थांबवायला त्याच न्यायालयाने नकार दिला. ठरलेली प्रक्रिया पाळा, एवढंच म्हटलं. नागरिकत्वासाठी २०१९ च्या दुरुस्तीने तीन देश आणि सहा धर्म निवडले. म्यानमार त्यात नाही. म्हणजे जीव वाचणं हे तुमचा जन्म कुठे आणि कुठल्या घरात झाला त्यावर!

माझी मागणी साधी आहे. जिथे जिवाला धोका आहे तिथे कुणाला परत ढकलायचं नाही. प्रत्येकाचं म्हणणं ऐकायचं, त्याला समजेल अशा भाषेत. निर्णय भीती खरी की खोटी यावर, धर्मावर नाही. आणि निर्णय होईपर्यंत तुरुंग नाही, छप्पर. हे उपकार नव्हेत. १९७१ मध्ये बांगलादेशातून कोटभर माणसं आली तेव्हा गरीब देशाने पत्रामागे पाच पैशांचं जादा तिकीट लावून त्यांच्यासाठी पैसे उभे केलेच ना? घरातल्या जुन्या पत्रांवर ती तिकिटं अजून आहेत, काका. बघा कधीतरी.

पुढच्या १७ सप्टेंबरला झेंड्याला सलाम करताना फक्त लढलेल्यांना आठवू नका. नदी उतरलेल्यांनाही आठवा. आणि त्या काठावर भाकरी घेऊन उभे असलेल्यांना तर नक्कीच. त्यांची नावं आपल्याला कुणालाच माहीत नाहीत.

असो. भांडायचं असेल तर घरी या. चहा टाकते.