तुमचे लोक कुणाच्या बाजूने होते?

ऐतिहासिक सिनेमा लागला की सोमवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हा प्रश्न ठरलेला असतो. "तुमचे लोक तेव्हा कुणाच्या बाजूने होते रे?" विचारणारा वाईट नसतो. तीन तास त्याने पडद्यावर भगवा विरुद्ध हिरवा एवढंच पाहिलेलं असतं, आणि समोर डबा उघडून मी बसलेला असतो.

आपली मुलं मग मोबाईल काढतात आणि यादी दाखवतात. नूरखान बेग, दौलतखान, सिद्दी हिलाल. शिवाजी महाराजांच्या सैन्यात मुसलमान किती टक्के होते, तेही त्या फॉरवर्डमध्ये असतं. हा आकडा कुठल्या कागदातून आला, हे कुणीच विचारत नाही. लॉग न पाहता आपण बग बंद करत नाही. मग पुरावा न पाहता फॉरवर्ड कसं करतो?

यादीतली नावं खरी आहेत, तरी माझा आक्षेप आहेच. यादी पुढे करताच आपण तो प्रश्न मान्य करतो. बाजू धर्मावरून ठरायची, आणि तिचा हिशेब आज आपण द्यायचा, हे दोन्ही आपण कबूल करून टाकतो.

इतिहास काय सांगतो? १६६५ मध्ये पुरंदरला वेढा घालणाऱ्या मोगल फौजेचा सेनापती मिर्झाराजे जयसिंह होता. १६७९ मध्ये खांदेरीच्या समुद्रात मराठा आरमाराचा दौलतखान इंग्रजांशी लढला, आणि मोगलांच्या बाजूने आलेल्या जंजिऱ्याच्या सिद्दीशीही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि बंदुकांनी रोहिल्यांची फळी फोडली. तो भाऊसाहेबांची बाजू सोडून गेला नाही. पकडला गेला आणि मारला गेला.

आता 'गारदी' हाच शब्द घ्या. कवायती पायदळाचा शिपाई म्हणजे गारदी. इब्राहिमखान हे तंत्र फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली शिकला. पुढे १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तोही गारद्यांच्या हातून. त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. एकच पेशा, एकच नाव. एक गारदी पेशव्यांच्या फौजेसाठी मेला, दुसऱ्याने पेशव्यालाच मारलं. यातला धर्म कुणी वेगळा काढून दाखवावा!

म्हणून पुढच्या सोमवारी यादी काढू नका. उलट विचारा, या फौजेला पगार कोण देत होतं? तो थकला की काय व्हायचं? तोफा चालवायला कोण शिकवत होतं? जयसिंह कुणाच्या बाजूने होता? असं विचारलं की समोरचाही विचारात पडतो, आणि गप्पा रंगतात.

निष्ठेचा दाखला मागणाऱ्याला दाखला द्यायचा नसतो. त्याला वाचायला बसवायचं असतं. त्याआधी मात्र आपण वाचलेलं हवं.