आधी साखर बघा, मग पॉइंट दाबा



"गोळ्या सोडा, पॉइंट दाबा." आमच्या अकोटात हल्ली स्थानकाच्या ओट्यापासून भिशीपर्यंत हेच ऐकू येतं. ऐकून ऐकून डोकं उठलं, म्हणून लिहिते आहे.

अ‍ॅक्युप्रेशरशी माझं वैर नाही. मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध दोन-तीन मिनिटं दाबलं की सासूबाईंना बरं वाटतं. (शेजारी बसून मी नवकार म्हणते, त्याचाही वाटा असेल.) पण म्हाताऱ्या माणसाचा जीव घाबरा झाला की ते टेन्शनच, हे कोणी ठरवलं?

सासूबाईंना साखरेसाठी ग्लिमेपिराइड चालू होती आणि त्यांचा चौविहार. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. ही गोळी पोट रिकामं असलं तरी साखर उतरवत राहते. गेल्या चातुर्मासात रात्री दोन वाजता त्या थरथरत उठल्या. घामाने पदर ओला, छातीत धडधड. पॉइंट शिकवणाऱ्या ताईंना फोन लावला, तर म्हणे, "टेन्शन आहे, दाबत राहा." मीही वीस मिनिटं दाबत बसले! मग मशीन आठवलं. साखर ५४.

साखर उतरली तरी असंच होतं आणि चिंतेनेही असंच होतं. बोटाला सुई टोचल्याशिवाय फरक कळत नाही. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

"पण पच्चक्खाण मोडेल ना?" अहो, पच्चक्खाणाच्या पाठातच आगार आहेत! समाधी टिकणार नाही एवढी पीडा झाली तर औषधाची मोकळीक त्यात धरलेलीच आहे. साध्वीजींना विचारून घ्या. आणि डॉक्टरांपासून चौविहार लपवू नका. आम्ही सांगितला, तर त्यांनी गोळीच बदलून दिली.

त्या काट्यांच्या चपलाही तशाच. जुन्या मधुमेहात तळवे बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. सासूबाईंची जोडी मी भंगारात दिली. दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी.