शाहिद आझमी हयात असताना काय करता आलं असतं?

११ फेब्रुवारी आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲड. शाहिद आझमी यांचा फोटो फिरू लागतो, सोबत हन्सल मेहतांच्या ‘शाहिद’ सिनेमाची एखादी क्लिप. २०१० साली कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय अवघं ३२. त्या वेळी ते २६/११ खटल्यात फहीम अन्सारीचं वकीलपत्र घेऊन उभे होते. तीन महिन्यांच्या आत विशेष न्यायालयाने फहीमची निर्दोष मुक्तता केली. हायकोर्टात आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टातही ती टिकली.

फोटो फिरवायला माझी हरकत नाही. पण धमक्या त्यांना आधीपासून येत होत्या. माणूस जिवंत असताना आपण काय करतो, हा माझा प्रश्न आहे.

आणि हे फक्त आपल्या समाजाचं दुखणं नाही. आझमींच्या हत्येच्या महिनाभर आधी, १३ जानेवारीला, तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टींना मारलं गेलं. माहिती अधिकार वापरून जमिनींचे घोटाळे बाहेर काढणारा माणूस. त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं, ते मिळालं नाही. एक गोवंडीत वाढलेला मुस्लिम वकील, दुसरा मावळातला कार्यकर्ता. दोघांचं नाव एका श्वासात घेणारे आपल्याकडे किती आहेत? संसदेने २०१४ मध्ये गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. पण तो अंमलात आणणारी अधिसूचना वर्षानुवर्षं निघालीच नाही. संयुक्त राष्ट्रांनी तर मानवी हक्क रक्षकांबद्दलचा जाहीरनामा १९९८ सालीच स्वीकारला होता. तो अनेक वकिलांनीही वाचलेला नसतो.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे एक साधा नियम आहे: ज्या एका सर्व्हरवर सगळं चालतं, तोच पहिल्यांदा धोक्यात येतो. मोहल्ल्यातले सगळे अवघड खटले एकाच वकिलाकडे, सगळी कागदपत्रं त्याच्याच कपाटात, आणि तारखेला सोबत जायला कोणी नाही, असं असेल तर त्या माणसाला गप्प केलं की काम थांबतं हे समोरच्यालाही कळतं. दोन ज्युनिअर, कागदांची सुरक्षित प्रत, आलेल्या प्रत्येक धमकीची तारीख-वेळेसह नोंद आणि लेखी तक्रारीची पोच, एवढं असलं तरी चित्र बदलतं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात अशा रक्षकांसाठी स्वतंत्र संपर्क अधिकारी आहे. तिथे तक्रार पाठवायला पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट थेट आमच्या धंद्यातली. भीमा कोरेगाव प्रकरणात अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये अहवाल दिला की रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये ईमेलमधून नेटवायर नावाचं मालवेअर घुसवलं गेलं आणि जप्तीपूर्वी त्यात कागदपत्रं पेरली गेली. एनआयएने हे मान्य केलं नाही. निवाडा कोर्टाने करायचा. पण त्यातून शिकायचं ते आजच शिकता येतं. फोन-लॅपटॉप जप्त होताना हॅश व्हॅल्यू पंचनाम्यात नोंदवून घ्या. ती फाइलींच्या बोटांच्या ठशासारखी असते, नंतर एक अक्षर बदललं तरी जुळत नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे, ते मागा. हे किती कार्यकर्त्यांना माहीत आहे? सांगायला एक रविवार पुरतो. टू-फॅक्टर लावणं, डिस्क एन्क्रिप्ट करणं, अनोळखी अटॅचमेंट न उघडणं, हेही त्याच रविवारी. पुण्यात-मुंबईत आयटीत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींची संख्या आता कमी नाही.

राहिला पैसा. जमियतसारख्या संघटनांनी मोठे खटले वर्षानुवर्षं लढवले, ते मान्यच. पण सेशन्स कोर्टात धडपडणाऱ्या नव्या वकिलाला घरभाडंही सुटत नाही, म्हणून तो दोन वर्षांत कंपनीच्या कामाकडे वळतो. चार-पाच इंजिनिअरांनी मिळून अशा एका वकिलाचा दरमहाचा प्रवासखर्च आणि ऑफिसचं भाडं उचलायचं ठरवलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला वीकेंडच्या हॉटेलच्या बिलाइतकीच रक्कम येईल.