समजून घ्या : भीमथडीच्या घोडीला भीमथडीचाच नर का हवा?

राज्यगीतातली भीमथडीची तट्टे वाचवायची, तर आधी ब्रिटिशांची जुनी योजना पाहायला हवी.

योजना काय होती?
लष्कराला उंच घोडे हवे होते. दख्खनची तट्टे काटक, पण बुटकी. म्हणून सरकारने दख्खनमध्ये पैदाशीसाठी अरबी आणि इंग्रजी जातीचे नर ठेवले. शेतकऱ्यांनी आपल्या घोड्या त्यांच्याकडून फळवून घ्याव्यात, ही अपेक्षा. १८९२मध्ये स्थापन झालेल्या मुलकी पशुवैद्यकीय खात्याकडेही हे काम होते.

चुकले कुठे?
गरज लष्कराची पाहिली, घोडी पाळणाऱ्याची नाही. धनगरांना बिऱ्हाड पाठीवर घेऊन दूरवर चालणारे, मिळेल त्या चाऱ्यावर जगणारे तट्टूच लागते. त्यांच्या वाड्यांवरच ही जात टिकली.

आता काय?
कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. पण नुसत्या नोंदीने शिंगरे वाढत नाहीत. सरकारने पुन्हा नर पुरवावेत. मात्र ते निवडक भीमथडीचेच असावेत. मेंढरांमागे फिरणारा धनगर घोडी घेऊन दवाखान्यात येईल, याची वाट पाहू नये. नरच त्याच्या वाड्यापर्यंत पोहोचवावा.