‘पुणे मध्ये’चे ‘पुण्यात’ केव्हा होणार?

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला, त्याचा आनंद पुण्याला झाला हे स्वाभाविकच होते. तथापि, याच पुण्यातील नागरिक हातातील फोनवर मोठ्या उमेदीने मराठी निवडतो, तेव्हा ‘पुणे मध्ये पाऊस’, ‘फाईल हटवला’ अशी भाषा त्याच्या वाट्याला येते. चार दिवस ती सोसून तो मुकाट्याने इंग्रजीकडे परततो. त्याची भाषानिष्ठा उणी पडली, असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सोयीचे आहे. परंतु तो न्याय्य नाही. दोष अन्यत्र आहे, आणि तो दुरुस्त होण्यासारखा आहे.

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे शब्द मूळ आज्ञावलीतून अलग काढले जातात आणि त्यांची यादी अनुवादकाच्या हाती पडते. मागचापुढचा संदर्भ नसतो. ‘ओपन’ हा शब्द आज्ञा आहे की स्थितिदर्शक विशेषण, हे यादीवरून कळत नाही. ‘उघडा’ लिहावे तर खिडकीवर ‘उघडा’ आणि खिडकी मात्र उघडी! गावाच्या नावासाठी रिकामी जागा सोडून तिच्यापुढे ‘मध्ये’ चिकटवले, की सामान्यरूपाचा बळी जातो आणि ‘पुणे मध्ये’ जन्माला येते. हे केवळ व्याकरणाचे सोवळे नव्हे. एखाद्या अर्जाच्या पानावर ‘अर्ज रद्द करायचा आहे का?’ असा प्रश्न यावा आणि त्याखाली ‘होय’ व ‘रद्द करा’ अशी दोन बटणे असावीत, तर शिष्यवृत्तीसाठी धडपडणाऱ्या विद्यार्थ्याने कोणते दाबावे? इंग्रजीतील ‘कॅन्सल’ला यादीत दिलेला प्रतिशब्द चुकीचा नाही. त्या जागी तो घातक आहे, एवढेच.

या कामाची परंपरा पुण्याला नवी नाही. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाद्वारे भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. ‘लोहित’ हा मुक्त टंकसंच मुळात पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकने घडवला. रेड हॅटच्या येथील कार्यालयातून अनेक भारतीय भाषांचे स्थानिकीकरण झाले. वारंवार लागणाऱ्या शब्दांना एकच प्रमाण प्रतिशब्द असावा, यासाठी २००८ मध्ये ‘फ्यूएल’ हा उपक्रम निघाला, तोही याच वर्तुळातून. त्या काळी अनुवादाच्या फायली ई-पत्राने ये-जा करीत. दोघांनी एकाच फायलीवर काम केले, की शेवटी पाठवणाऱ्याचे टिकायचे आणि दुसऱ्याच्या रात्री वाया जायच्या. मूळ इंग्रजी वाक्यात एक स्वल्पविराम हलला, तरी मराठी वाक्य ‘संशयित’ ठरून पडद्यावर पुन्हा इंग्रजी अवतरे.

महाजालावरील अनुवाद-व्यवस्थापन प्रणालींनी ही दुरवस्था बरीच दूर केली. फेडोरा प्रकल्पाने ट्रान्सिफेक्स, झनाटा आणि अखेर २०२० च्या सुमारास वेबलेट अशी तीन घरे बदलली. प्रत्येक स्थलांतरात थोडी भांडी फुटली. नवे खाते, नव्या सवयी यांना कंटाळून काही जुने स्वयंसेवक गळाले असल्यास नवल नाही. पण सुधारणा खऱ्या आहेत. झेक प्रजासत्ताकात २०१२ मध्ये सुरू झालेल्या मुक्त वेबलेटमध्ये शब्दाशेजारी पडद्याचे चित्र जोडता येते, शब्दसंग्रह बाजूला उघडा राहतो, पूर्वीचे अनुवाद आठवणीतून पुढे येतात, रिकाम्या जागेची खूण गळली तर लगेच इशारा मिळतो, आणि कोणी काय बदलले याची नोंद राहते. दुरुस्ती सुचवायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज उरलेली नाही.

मात्र ‘पुणे मध्ये’ हा इशारा कोणतीही प्रणाली देणार नाही. तो दोष अनुवादकाच्या टेबलावर येण्यापूर्वीच, वाक्याचे तुकडे करून ते सांधणाऱ्या अभियंत्याच्या हातून घडलेला असतो. येथे एक विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही. जगभरच्या कंपन्यांची आज्ञावली हिंजवडीत आणि खराडीत लिहिली जाते, आणि ती लिहिणाऱ्यांत घरी शुद्ध ‘पुण्यात’ म्हणणारे हजारो आहेत. नावाला प्रत्यय लागतो, क्रियापद लिंगानुसार बदलते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. अखंड वाक्य अनुवादाला द्यावे, त्यासोबत दोन ओळींची टीप द्यावी, ‘ठिकाण : पुणे’ अशी प्रत्यय टाळणारी रचना करावी, एवढे त्यांच्या हातात आहे.

यंत्रानुवादाचा आधार घेणाऱ्यांनीही सबूर करावी. जुलै २०२२ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ‘भाषिणी’सारख्या प्रयत्नांचे मोल मोठे आहे, आणि यंत्र पहिला खर्डा झपाट्याने देते. परंतु खर्डा वाचण्यास माणूसच नसेल, तर चूकही तितक्याच झपाट्याने सर्वदूर पोचते. यादी शंभर टक्के भरली, हा आकडा दाखवून मराठी आवृत्ती सिद्ध झाल्याचे सांगणे म्हणजे उत्तरपत्रिकेची पाने भरली म्हणून विद्यार्थ्याला उत्तीर्ण करणे होय.

शासनाला यात फार मोठा खर्च नाही. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ही अनेक दशकांच्या श्रमांची पुंजी आहे. ते कोश अनुवाद-प्रणालींत थेट भरता येतील अशा खुल्या स्वरूपात द्यावेत. त्यांतील काही शब्द बोजड आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण वापरात आल्यावाचून त्यांची घासणी होणार नाही. शासकीय संकेतस्थळांच्या निविदांत एक कलम असावे : मराठी मजकूर प्रत्यक्ष पडद्यावर पाहून जाणकाराने तपासल्याखेरीज देयक मंजूर होणार नाही, आणि नागरिकाने कळवलेली भाषेची चूक ही इतर बिघाडांप्रमाणेच ठरावीक मुदतीत दुरुस्त करावी लागेल. तपासणीसाठी माणसेही दूर नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मराठीचा विभाग आहे आणि संगणकशास्त्राचाही. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी हे काम गुणांसह द्यावे, आणि आरंभ विद्यापीठाच्याच प्रवेश व परीक्षा अर्जांपासून करावा.