संध्याकाळची होडी



आमच्या घरात प्रवास म्हणजे दसऱ्याला दीक्षाभूमी नाहीतर ६ डिसेंबरला चैत्यभूमी. नुसते पाण्यावर बसायला पैसे घालायचे, हे आमच्या आईला काही केल्या पटेना. बत्तीस वर्षे तिने रस्ते झाडले. दिवेलागणीला चूल पेटवायची, एवढेच तिला संध्याकाळचे ठाऊक. गुडघे धरले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आजी, आता जरा स्वस्थ बसा." पण स्वस्थ बसायचे कसे, हे कोण शिकवणार? शेवटी आम्ही हट्टाने तिला केरळात नेले.

कुर्ल्याहून नेत्रावती एक्सप्रेसने कोल्लमला उतरलो. एक दिवस, एक रात्र आणि वर आणखी काही तास लागले. दुसऱ्या दिवशी पॅसेंजरने मुनरोतुरुत्तूला गेलो. तुरुत्तू म्हणजे बेट. कल्लडा नदी अष्टमुडी सरोवराला मिळते तिथे ही लहान लहान बेटे आहेत. त्रावणकोरचा दिवाण राहिलेल्या कर्नल मुनरो या इंग्रजाचे नाव त्यांना पडले.

वाटेत पेरिनाड स्टेशन लागते. तिथे आम्ही खिडकीतून आईला बोट दाखवले. पुलया समाजाच्या बायकांना अंगावर कपडा घ्यायला बंदी आणि गळ्यात दगडी मण्यांच्या माळा घालायची सक्ती होती. १९१५ साली या पेरिनाडच्या बाजूला त्यावरून दंगे पेटले. मग अय्यनकालींच्या पुढाकाराने कोल्लमला सभा भरली आणि बायकांनी भर सभेत माळा तोडून फेकल्या. आई काही बोलली नाही. स्टेशन मागे पडेपर्यंत बाहेर बघत राहिली.

साडेचारला होडीत बसलो. तिकडे तिला वल्लम म्हणतात. लांब, अरुंद, आणि इंजिन नाही. नावाडीदादा मागच्या टोकाला उभे राहून लांब बांबू तळाला टेकवतात आणि होडी पुढे ढकलतात. आवाज म्हणून नाही. आईने सुरुवातीला दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या. दादा मोडक्या हिंदीत म्हणाले, "अम्मा, पानी कम है." आणि बांबू बाहेर काढून पाण्याची खूण दाखवली. कमरेएवढेच! तेव्हा कुठे तिचे हात सुटले.

पुढे कालवे इतके अरुंद की दोन्ही काठांवरच्या माडांच्या झावळ्या डोक्यावर येतात. छोटे पूल आले की "डोके खाली" असा हुकूम सुटे आणि आम्ही सगळे गुडघ्यात मान घालत असू. नातवंडांना यातच खरी मजा वाटली. खंड्या आणि पाणकावळे तर इतके की मुलांनी मोजणे सोडून दिले.

एका घरापाशी दादांनी होडी लावली. अंगणात एक बाई काथ्या वळत होती. नारळाची सोडणे कित्येक महिने पाण्यात कुजवतात, मग ती कुटून काथ्या काढतात. कुजक्या सोडणांचा वास आमच्या नाकाला झोंबला, आईला नाही. तिने सरळ त्या बाईशेजारी बसून दोर हातात घेतला. एकीला मराठी येत नाही, दुसरीला मल्याळम नाही, तरी दोघींचे दहा मिनिटे चालले होते. स्वस्थ बसायला आणले होते, हे आम्ही तिला सांगायचे टाळले.

परतताना आईनेच दादांना विचारले, "तुमचे घर कुठे?" त्यांनी बांबूने एका घराकडे दाखवले. उंबऱ्याच्या वर हातभर भिंत ओलीने काळी पडली होती. मोठ्या भरतीला खारे पाणी घरात शिरते, माड सुकतात, किती तरी कुटुंबे बेट सोडून गेली. नदीवर वर धरण झाल्यापासून गाळ येईनासा झाला आणि जमीन खचू लागली, असे पुष्कळ जण म्हणतात. २००४ च्या त्सुनामीनंतर त्रास वाढला, असे दादांचे म्हणणे. समुद्र चढतो आहे हे तर आहेच. जिथे आपण विसावा घ्यायला येतो तिथला माणूस भरतीच्या रात्री जागा असतो. भाड्यात घासाघीस करायची आमची सवय त्या दिवशी गप्प बसली.

शेवटी कालवा संपून सरोवर उघडले. सूर्य पाण्याला टेकत होता. दादांनी बांबू आडवा ठेवला आणि होडी आपोआप तरंगू दिली. कोणी बोलले नाही. आईचे हात मांडीवर पालथे पडून होते. ते असे रिकामे आम्ही पहिल्यांदा पाहिले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी भाडे आधी ठरवावे, जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. पावसाळा टाळावा. त्या बाईने आईला दोराचा एक तुकडा दिला होता. तो आता आमच्या गॅलरीत बांधला आहे, त्यावर कपडे वाळतात.