चोवीस तासांचा नळ, दोन तासांचं पाणी

पाणी गेलेलं असताना घरातल्या कुठल्याही जुन्या पितळी नळाकडे बघा आणि सांगा, तो उघडा आहे की बंद? नाही सांगता येणार. फुलीसारखी मूठ असलेला हा नळ उघडा असताना जसा दिसतो, तसाच बंद असतानाही दिसतो. पाणी चोवीस तास असेल तर त्याने काही बिघडत नाही, कारण धार पडते आहे की नाही हे डोळ्यांसमोर असतं. पण पाणी सकाळी साडेपाचला येऊन साडेसातला जात असेल, तर उरलेले बावीस तास हा नळ मुका. दुपारी कोणीतरी हात धुवायला जातं, नळ फिरवतं, पाणी नाही म्हणून चरफडत परत येतं. जाताना नळ कुठे ठेवला हे त्याचं त्यालाही आठवत नाही. पहाटे पाणी आलं की आधी न्हाणीघर, मग पॅसेज, आणि घरचे गावाला गेलेले असतील तर खालच्या मजल्यावरच्यांचं छत. सोसायटीच्या सभेत याला निष्काळजीपणा म्हणतात, नोटीसही लागते. माझ्या मते चूक नळाची आहे.

नळाची म्हणजे नळाच्या रचनेची. हा नमुना मुळात आपल्यासारख्या पाण्यासाठी तयारच झालेला नाही.

त्याच्याआधी जगभर वापरात होता तो साधा कॉक. नळीच्या आडवा बसवलेला धातूचा शंकू, त्याच्या पोटात एक भोक. पाव फेरी फिरवली की भोक नळीच्या रेषेत येतं आणि पाणी सुरू, आणखी पाव फेरीने बंद. पाँपेईच्या उत्खननात असे काशाचे कॉक सापडले आहेत, इतकी ही युक्ती जुनी. टाकीतून हळूहळू येणाऱ्या पाण्याला ती पुरत होती. पुढे 1831 मध्ये थॉमस हॉक्सली या अभियंत्याने इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला दाबाने आणि अखंड पाणी द्यायला सुरुवात केली, आणि जुन्या कॉकांच्या मर्यादा उघड्या पडायची वेळ आली. दाबाखाली शंकू झिजून गळतो, आणि पाव फेरीत पाणी एकदम थांबतं म्हणून नळीला हादरा बसतो. हा हादरा किरकोळ नसतो. लोखंडी नळीत सेकंदाला एक मीटर वेगाने धावणारं पाणी क्षणात अडवलं, तर दाब एकदम बारा-तेरा बारने उसळतो, म्हणजे सुमारे सव्वाशे मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. याचं गणित मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं. फुटलेल्या नळ्यांचा अनुभव मात्र प्लंबरांना त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

उपाय निघाला तो 1845 मध्ये, रॉदरहॅम गावात. गेस्ट अँड क्राइम्स नावाच्या पितळी ओतकामाच्या कारखान्याने आटे असलेला नळ बाजारात आणला. मूठ फिरवली की स्पिंडल आट्यांवरून खाली उतरतो, त्याच्या टोकाचा वायसर पाण्याच्या वाटेच्या गोल कडेवर, म्हणजे सीटवर, दाबला जातो आणि पाणी हळूहळू बंद होतं. हादरा नाही, गळती नाही, आणि वायसर झिजला तर दोन पैशांत नवा. दाबाच्या, अखंड, स्वच्छ पाण्यासाठी याहून शहाणी वस्तू त्या काळात शोधून सापडली नसती. आपल्याकडे रुजला तो हाच नमुना. भारतीय मानक 781 उघडून बघितलं तर त्यातही हाच स्क्रू-डाउन बिबकॉक आहे.

आता हा नळ आपल्या घरात काय भोगतो ते बघू. गळका नळ प्लंबर खोलतो तेव्हा जरा जवळ उभं राहावं. पान्ह्याने वरचा भाग सुटतो, स्पिंडल बाहेर येतो, खालून वायसर निघतो. त्यावर सीटच्या कडेची गोल खाच इतकी खोल उमटलेली असते की रबर आरपार जायचंच बाकी. खाचेत बोट फिरवलं तर बारीक वाळू लागते. ही वाळू येते पहिल्या पाण्याबरोबर. रिकाम्या पडलेल्या लायनीत पाणी शिरतं तेव्हा आधी हवा फुसफुसते, मग गंज आणि गाळ येतो, मग पाणी. त्यातले कण वायसर आणि सीट यांच्यामध्ये अडकतात, नळ टिपकायला लागतो, आणि आपण तो आणखी आवळतो. आवळला की खरंच थांबतो! रबर कणाला पोटात घेतं. म्हणजे नळ थांबवायला जोर लावायचा, हे आपल्याला त्या नळानेच शिकवलंय. वायसर काढल्यावर खाली सीटकडे बॅटरीचा उजेड टाकला तर पितळेच्या कडेवर एका जागी नखाएवढा खळगा दिसतो. बंद नळातून निसटणाऱ्या बारीक धारेने तो कोरलेला असतो. नवा वायसर त्या खळग्यावर बसत नाही, म्हणून महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा टिपटिप. सीट घासून सपाट करायचं हत्यार असतं, पण बहुतेक प्लंबरांच्या पिशवीत ते नसतं, कारण गिऱ्हाईक त्या कामाचे पैसे द्यायला तयार नसतं.

सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला 86,400 थेंब. थेंब मिलीलिटरच्या दहाव्या भागाएवढा धरला तरी साडेआठ लिटर होतात. केंद्र सरकारच्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटरचं माप ठरवलं आहे. त्याचा सहावा-सातवा हिस्सा एका वायसरपायी गेला. मीरा रोडला राहणारे लेखक आणि चित्रकार आबिद सुरती 2007 पासून रविवारी प्लंबर सोबत घेऊन दारोदार जातात आणि लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देतात, ते उगाच नाही. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण एका ज्येष्ठ लेखकाला वायसर बदलत दारोदार फिरावं लागतं, यात नळ बनवणाऱ्यांची नाचक्की आहे एवढंही म्हणायला हवं.

बंद-चालू पुरवठ्याचा आणखी एक त्रास फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लायन रिकामी होते तेव्हा ती ओढून घेते. नळ उघडा असेल आणि त्याला लावलेली रबरी नळी बादलीत बुडलेली असेल, तर बादलीतलं पाणी उलटं लायनीत जातं. बादलीत कपडे भिजत असतील तर तेही पाणी! जुन्या इंग्रजी नळांत यावर एक साधी सोय होती. वायसर धरणारा जंपर स्पिंडलच्या टोकाला पक्का न बसवता सैल ठेवायचा. दाब असेपर्यंत पाणी त्याला उचलून धरतं, दाब गेला की तो आपोआप सीटवर पडतो आणि उलटी वाट बंद होते. पाणी फार कमी दाबाने येत असेल तर तो नीट उचलला जात नाही, ही त्याची खोड. पण ती खोड काढणं आजच्या अभियंत्याला जड जाऊ नये. हलक्या प्लॅस्टिकचा जंपर, नाहीतर तोटीतच एक छोटा चेक व्हॉल्व्ह. असंच पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या, शेतकऱ्याच्या विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हवर आपल्याकडे स्वतंत्र मानक निघालं, कारण त्याच्या अरुंद तोंडापायी वीज आणि डिझेल वाया जात होतं. नळातून मागे ओढल्या जाणाऱ्या पाण्याने कोणाचं वीजबिल वाढत नाही. जुलाब होतात.

मग पाव फेरीचे नवे नळ आलेच आहेत की, असं कोणी म्हणेल. आले आहेत, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. त्यांच्या पोटात रबराऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, आरशासारख्या घासलेल्या. एक स्थिर, दुसरी मुठीबरोबर फिरणारी. भोकांवर भोक आलं की पाणी. चकत्या ॲल्युमिनाच्या. वाळूपेक्षा तो कितीतरी कठीण, त्यामुळे वाळूने त्यावर सहसा ओरखडा उठत नाही. जोराचीही गरज नाही, दोन बोटं पुरतात, सांधे दुखणाऱ्या आजीलाही हा नळ बंद करता येतो. आणि मूठ दांडीची असेल तर नळ उघडा की बंद हे लांबून दिसतं, पाणी असो वा नसो. माझ्या लेखी हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. पण जाहिरातीत तो कुठेच नसतो, तिथे चकाकी असते. काही कंपन्यांनी तर 'डिझाइनर' म्हणून पाव फेरीच्या नळाला गुळगुळीत गोल मूठ बसवली आहे. म्हणजे दोनशे वर्षं फिरून पुन्हा मुका नळ, किंमत फक्त चौपट. दांडीचे नळ घेतले तरी एका कंपनीचा डावीकडे बंद, दुसरीचा उजवीकडे. टाकीखालच्या बॉल व्हॉल्व्हचं कसं सरळ आहे: दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. तो नियम घरातल्या नळांना लावायला कोणाची हरकत असावी?

पण या नळांचं खरं दुखणं वेगळं आहे. क्षारांचं पाणी असेल तर चकत्यांवर थर साचतो, मूठ जड होते. मग जुन्या नळाची सवय झालेला हात जोर लावतो. सिरॅमिक कठीण असतं तसंच ठिसूळही असतं. चकतीला तडा जातो, नाहीतर वरचा दात्यांचा दांडा पिळवटतो. आता वायसर बदलून भागत नाही, चकत्या आणि दांडा बसवलेलं आख्खं कार्ट्रिज लागतं. ते आणायला दुकानात गेलं की गंमत सुरू होते. या कार्ट्रिजला वीस दाते, त्याला चोवीस. याची उंची जास्त, त्याचे आटे वेगळे. आमच्या घरातल्या एका नळाचं कार्ट्रिज मिळेना म्हणून मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, तर ते मॉडेल बंद झालं होतं आणि त्यासोबत त्याचा सुटा भागही. दुकानदाराने काउंटरवर नवा नळ ठेवला. जुन्या नळाचं पितळ अजून शंभर वर्षं टिकलं असतं. तो भंगारात गेला तो करंगळीएवढ्या तुकड्यापायी.

विजेच्या दिव्याचं असं होत नाही. कुठल्याही कंपनीचा दिवा कुठल्याही कंपनीच्या होल्डरमध्ये बसतो, कारण माप एकदा ठरलं आणि सगळ्यांनी ते मानलं. कार्ट्रिजचं तेच करता येईल. अर्धा इंची नळासाठी एक उंची, एक आटा, दात्यांची एक संख्या. वरची मूठ, आकार, चकाकी ज्याने त्याने हवी तशी करावी. भारतीय मानक ब्युरोने 2021 मध्ये पाणी वाचवणाऱ्या नळांसाठी मानक काढलं. त्यात भर आहे तो नळातून मिनिटाला किती पाणी पडतं यावर. ते मोजायला हवंच. पण पाच वर्षांनी तो नळ दुरुस्त होईल का, हेही मोजायला हवं. न दुरुस्त होणारा नळ पाणीबचतीचे कितीही तारे लावून आला तरी शेवटी टिपकतो.

सार्वजनिक नळांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांनी भोगलेली आहे. रेल्वेच्या डब्यातल्या बेसिनचा जुना नळ आठवा: खालून तळव्याने दाबला तरच पाणी. एक हात दाबायला गुंतला की धुवायचा एकच उरतो. पाणी वाचलं यात शंका नाही. हात मात्र धुतले गेले नाहीत. 2020 मध्ये करोनाच्या भीतीने ठिकठिकाणी पायाने दाबायचे नळ बसले, तेव्हा दोन्ही हात मोकळे ठेवून पाणी वाचवता येतं हे अचानक सगळ्यांना कळलं. त्यातले किती आज चालू आहेत ते तुमच्या जवळच्या सरकारी कचेरीत जाऊन बघा.

यावर एक रास्त आक्षेप आहे: नळ कसले सुधारता, पाणी चोवीस तास द्या म्हणजे प्रश्नच मिटेल. खरं आहे. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं, तेही एका छोट्या गावाने. पण मोठमोठ्या शहरांना ते अजून जमलेलं नाही. तिकडे जलजीवन मिशन 2019 मध्ये जाहीर झालं तेव्हा देशातल्या सव्वातीन कोटी ग्रामीण घरांत नळ होते, आता तो आकडा पंधरा कोटींच्या वर गेला आहे. यातल्या बहुतेक घरांत पाणी ठरावीक वेळीच येतं, आणि पुढची कित्येक वर्षं तसंच येत राहणार आहे. त्या घरांना लागणारा नळ वेगळा आहे. लांबून उघडा-बंद दिसणारा, गाळ अडवणारी आणि बोटांनी काढून धुता येणारी जाळी असलेला, पाणी मागे न ओढू देणारा आणि गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात सुटा भाग मिळणारा. यातली एकही गोष्ट नव्याने शोधायची नाही. सरकार एवढे नळ एकगठ्ठा विकत घेतं, तर निविदेत या चार अटी घालणं त्याच्याच हातात आहे. अटी घातल्या की कारखाने आपोआप वळतील.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. पुढच्या वेळी नळ घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला आधी त्याचं कार्ट्रिज मागा, नळासोबत एक जास्तीचं विकत घ्या आणि घरी जपून ठेवा. नुसतं 'मिळेल हो' म्हणाला आणि काढून दाखवलं नाही, तर तो नळ घेऊ नका.